माननीय रेल्वेमंत्र्यांस खुले पत्र : डबा रंगवला, खिडकीचा खटका तसाच राहिला

माननीय रेल्वेमंत्री महोदय,

सादर नमस्कार.

मी नोंदवलेल्या तक्रारीचे निराकरण झाले असून ती बंद करण्यात येत आहे, असा संदेश गेल्या आठवड्यात माझ्या मोबाइलवर आला. त्याच आठवड्यात सातारा स्थानकावर तोच डबा पुन्हा गाडीला लागलेला मी पाहिला. ज्या खिडकीचे शटर माझ्या उजव्या हातावर पडून हाड मोडले, तिचा खटका दुरुस्त झालेला नव्हता; कोणीतरी तो सुतळीने बांधून ठेवला होता. हा डबा ‘सिक मार्क’ करून, म्हणजे नादुरुस्त ठरवून, बाजूला काढू आणि दुरुस्ती झाल्यावरच गाडीला लावू, असे मला फोनवर सांगण्यात आले होते. तो शब्द पाळला गेला नाही, म्हणून आपल्याला जाहीरपणे लिहीत आहे.

मी कोरेगावहून पुण्याला मुलीकडे निघालो होतो. उन्हाचे दिवस असल्याने डब्यातील सगळ्या खिडक्या उघड्या होत्या. आदर्की आणि सालपे यांच्या दरम्यान एका वळणावर गाडीला हिसका बसला, खटका निसटला आणि वर अडकवलेले शटर माझ्या मनगटावर आदळले. समोर बसलेल्या एका मुलीने आपल्या ओढणीने माझा हात बांधला. पुण्यात प्लास्टर झाले, यथावकाश ते निघालेही, परंतु दोन बोटे आजही पुरती मिटत नाहीत. मी आयुष्यभर आयटीआयमध्ये शिल्प निदेशक म्हणून शीट मेटलचे काम शिकवले. ज्या हाताने मुलांना पत्रा कापायला, वाकवायला आणि जोडायला शिकवले, त्या हाताने आज सदऱ्याची गुंडी लावता येत नाही. ती पत्नी लावून देते. कूस बदलताना हात दबला की झोप मोडते. निवृत्तीनंतर घरामागच्या शेडमध्ये धान्याच्या पत्र्याच्या कोठ्या बनवून चार पैसे मिळत होते, ते कामही थांबले आहे.

भरपाईविषयी विचारले असता, हा प्रकार अपघाताच्या व्याख्येत बसत नाही, असे तोंडी उत्तर मिळाले. म्हणून मी रेल्वे कायदा, १९८९ काढून वाचला. गाड्यांची टक्कर झाली, गाडी रुळावरून घसरली, प्रवासी गाडीतून खाली पडला किंवा डब्यात दरोडा पडला, तर त्यात तरतूद आहे. मात्र गाडीचाच निखळलेला भाग आत बसलेल्या प्रवाशावर कोसळला, तर त्याने कोणाकडे जायचे, हे मला त्यात सापडले नाही. तिकीट काढताना आम्ही संपूर्ण डब्यावर विश्वास टाकतो, महोदय, खटक्यासकट.

डबा जुना आहे, ही माझी तक्रार नाही. डब्याच्या क्रमांकाचे पहिले दोन आकडे बांधणीचे साल सांगतात. या डब्यावर ते ‘०२’ होते. पेरांबूरच्या कारखान्यात १९५५ पासून बनू लागलेल्या, मूळ स्विस बनावटीच्या या डब्यांचे आयुष्य २५ वर्षे धरलेले आहे, म्हणजे नियमाने हा डबा अजून चालू शकतो. दर दीड वर्षाच्या सुमारास अशा डब्याची कारखान्यात पूर्ण तपासणी व दुरुस्ती, म्हणजे पीओएच, होते आणि तिची तारीख डब्याच्या टोकाच्या भिंतीवर रंगवलेली असते. या डब्यावरील तारीख काही महिन्यांपूर्वीचीच होती. याचाच मला सर्वाधिक संताप आहे. कागदावर सगळे वेळेवर झाले आहे, फक्त डबा दुरुस्त झालेला नाही.

प्लास्टर असतानाही मी तो डबा फलाटावरून नीट पाहिला होता. शौचालयाच्या बाजूचा खालचा पत्रा फुगलेला होता, त्यावर पुटी भरून रंग दिला होता आणि रंगाखालून गंजाचे पापुद्रे सुटत होते. नवे एलएचबी, म्हणजे जर्मन बनावटीचे, डबे स्टेनलेस स्टीलचे असतात. हे जुने तसे नाहीत. शौचालयाचे व बेसिनचे पाणी झिरपून फरशीखाली साचते आणि तिथला पत्रा व आधाराचे पोलाद आतून खाल्ले जाते. फरशी उचकटल्याशिवाय ते दिसत नाही. गंज चकचकीत धातूपर्यंत खरवडावा, कुजलेला तुकडा कापून नवा जोडावा, प्रायमर द्यावा आणि मग रंग, हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवत असे. गंजावर पुटी थापणाऱ्या मुलाला मी परीक्षेत नापास केले असते.

आपल्या खात्याला हे काम येत नाही, असेही नाही. भोपाळच्या निशातपुरा येथे १९८९ पासून अर्धे आयुष्य सरलेले डबे मोकळे करून पुन्हा उभे करण्याचा कारखाना चालू आहे. मग २०१८ मध्ये जुने डबे सुधारण्याची ‘उत्कृष्ट’ योजना आणून एका गाडीमागे सुमारे ६० लाख रुपये देण्यात आले, त्यातून काय साधले? बावीस डब्यांची गाडी धरली तर एका डब्याच्या वाट्याला तीन लाखही येत नाहीत. एवढ्या पैशांत दिवे, नळ आणि बदामी-तपकिरी रंग होतो; कुजलेली फरशी बदलत नाही. पेरांबूरने या बनावटीचा शेवटचा डबा जानेवारी २०१८ मध्ये बाहेर काढला. २५ वर्षांच्या हिशेबाने तो २०४३ पर्यंत चालू शकतो. तोवर आम्ही खिडकीपासून हात आखडूनच बसायचे काय?

सप्टेंबर २०२४ पासून आमच्या मार्गावर पुणे–कोल्हापूर वंदे भारत धावते. ती सातारा, कराड, किर्लोस्करवाडी, सांगलीला थांबते आणि ती चांगली आहे. परंतु रहिमतपूरचा विद्यार्थी किंवा भिलवडीची भाजीवाली तिच्यात बसत नाही. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात रेल्वेला भांडवली खर्चासाठी सुमारे २ लाख ५२ हजार कोटी रुपये मिळाले. दुसरीकडे, घसारा निधीत, म्हणजे झिजलेली मालमत्ता बदलण्यासाठी राखायच्या पैशात, पुरेशी रक्कम टाकली जात नाही, हे महालेखापरीक्षक वारंवार सांगत आले आहेत. नव्या गाडीला हिरवा झेंडा दाखवायला मंत्री येतात. पीओएच झालेल्या डब्याचे शटर वर-खाली करून पाहायला कोणी येत नाही. संसदेतील उत्तरानुसार जुलै २०२३ मध्ये रेल्वेत गट ‘क’ची सुमारे २ लाख ४८ हजार पदे रिक्त होती. माझे कितीतरी विद्यार्थी रेल्वेच्या कारखान्यांत अप्रेंटिस म्हणून राबले, हेच पत्र्याचे काम शिकले आणि मुदत संपताच घरी परतले. आज त्यांतला एक साताऱ्यात मोबाइलची कव्हरे विकतो, आणि त्याने जोडायला हवा होता तो पत्रा गंजतो आहे. सरकार मग ते कोणतेही असो, देखभालीचा पैसा सर्वांत आधी कापते आणि माणूस सर्वांत शेवटी भरते, हे मी आयटीआयच्या मोडक्या यंत्रांपासून पाहत आलो आहे.

पंधरा वर्षांवरील प्रत्येक डब्याच्या पीओएचमध्ये शौचालयाजवळची फरशी उचकटून तपासणे बंधनकारक करावे. प्रत्येक शटरचा खटका वजन टांगून तपासावा आणि झिजलेला असल्यास बदलावा. तपासणाऱ्याचे नाव व सापडलेले दोष डब्याच्या आत मराठीत लावावेत. प्रवाशाला इजा झालेला डबा दुरुस्तीशिवाय गाडीला लागू नये आणि अशा इजेला कायद्यात भरपाई असावी.

डब्याचा क्रमांक, तिकीट, क्ष-किरण चित्र आणि सुतळीने बांधलेल्या खटक्याचे छायाचित्र आपल्या कार्यालयाकडे टपालाने स्वतंत्रपणे पाठवले आहे. उत्तर देणार असाल, तर तो खटका कोणत्या तारखेला बदलला एवढे कळवावे. तक्रार बंद केल्याचा संदेश पुन्हा पाठवू नये.

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक
कोरेगाव, जि. सातारा