थर्मल कॅमेऱ्यातला रंग बघून घाबरू नका, आधी आकडा बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पत्र जरा लांबेल, पण शक्यतो पूर्ण छापा, कारण गेल्या सहा महिन्यांत आमच्या घरात आणि माझ्या बहिणीच्या घरात जे झालं ते सांगलीत बऱ्याच जणांच्या बाबतीत होतंय असं दिसतंय. आता वॉटरप्रूफिंगवाले, रंगवाले, सोलरवाले सगळे मोबाईलला एक छोटा थर्मल कॅमेरा लावून येतात, भिंत कुठं गरम नि कुठं गार ते रंगांत दाखवणारा लाल-निळा फोटो दाखवतात आणि माणूस तो फोटो बघूनच हो म्हणतो. कॅमेरा चांगलाच आहे, मी त्याच्या बाजूनंच लिहितोय. पण तो वाचायचा कसा हे लोकांना कुणी सांगत नाही.

मी साखर कारखान्यात बॉयलर सेक्शनला होतो, आता रिटायर आहे. कारखान्यात स्टीम लाईनवर ग्लासवूल गुंडाळून वरून अॅल्युमिनियमचा पत्रा मारलेला असतो, त्याला आम्ही लॅगिंग म्हणतो. लॅगिंग कुठं उघडं पडलं की तिथनं वाफेची उष्णता हवेत जाते, म्हणजे जाळलेला बगॅस, उसाचा चोथा, फुकट. हंगाम चालू असताना बाहेरून एकजण मोठा कॅमेरा घेऊन यायचा आणि सगळी लाईन तपासून जायचा, त्या वेळी तसला कॅमेरा लाखांत होता आणि आम्ही त्याच्याकडं लांबनंच बघायचो. आता तेच काम करणारा, काडेपेटीपेक्षा थोडा मोठा तुकडा मोबाईलच्या खाली लागतो आणि पंधरा-वीस हजारांत मिळतो. माझ्या भाच्याचा पुण्यात एसी रिपेरिंगचा धंदा आहे, त्यानं एक घेतलाय.

डिसेंबरात झालं असं की आमच्या सोलरचं पाणी नळाला कोमट यायला लागलं. सकाळी टाकीजवळच्या कॉकला हात लावला तर कडक गरम आणि खाली बाथरूममध्ये बादली भरेपर्यंत गारच. सोलरवाल्याला बोलावलं तर तो वर जाऊन पाच मिनिटांत खाली आला आणि म्हणाला टाकी गेली, बदलावी लागेल. टाकी गेली तर टाकीतलं पाणी गरम कसं, ह्याचं उत्तर त्याच्याकडं नव्हतं. तेवढ्यात भाचा सुट्टीला आला होता, म्हणाला मामा थांबा, पैसे देऊ नका, आपण आधी बघू.

संध्याकाळी अंधार पडल्यावर आम्ही दोघं गच्चीवर गेलो. दिवसा ऊन असताना बघून उपयोग नाही, उन्हानं सगळंच तापलेलं असतं आणि कुठली उष्णता आतली नि कुठली वरची हे कळत नाही. आभाळ एकदम स्वच्छ. त्यानं कॅमेरा पाईपवर धरला आणि पाईप निळी दिसली! म्हणजे गच्चीच्या फरशीपेक्षाही गार. भाचा म्हणाला मामा, पाणी वरूनच गार येतंय, टाकीच गेली असणार. मी पाईपला हात लावला आणि चटका बसला.

तेव्हा मला कारखान्यातला तो माणूस आठवला. तो लॅगिंगच्या पत्र्यावर जागोजाग काळ्या टेपचे तुकडे चिकटवायचा आणि पत्रा सोडून टेपवर कॅमेरा धरायचा. मी घरातनं काळी इन्सुलेशन टेप आणली, पाईपला दोन वेढे मारले, दोन मिनिटं थांबलो आणि परत बघितलं तर निळ्या पाईपवर तेवढाच पट्टा पांढराफटक, ५४ डिग्री. शेजारी उघडी पाईप तशीच निळी. पाईप एकच, पाणी एकच.

त्याचं कारण असं की हा कॅमेरा तापमान थेट मोजत नाही, वस्तूच्या पृष्ठभागावरून निघणारे इन्फ्रारेड किरण मोजतो आणि त्यावरून तापमानाचा हिशोब करतो. हेच किरण विल्यम हर्शेलनं १८०० साली लोलकातनं ऊन पाडून, तांबड्या रंगाच्या पलीकडं थर्मामीटर ठेवून शोधले होते. गिलावा, वीट, रंग, लाकूड, काळी टेप हे असले किरण भरपूर सोडतात, जवळजवळ नव्वद-पंच्याण्णव टक्के, म्हणून त्यांचा आकडा बऱ्यापैकी खरा येतो. चकचकीत धातू मात्र स्वतःचे किरण फार थोडे सोडतो आणि समोरचं परावर्तित करतो, आरशासारखं. आमची जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी पाईप रात्रीचं गार आभाळ दाखवत होती आणि आम्ही त्यालाच पाईपचं तापमान समजत होतो. स्टीलच्या टाकीचं, पत्र्याचं, नळाचं तसंच. काचेचं तर आणखी वेगळं, ह्या किरणांना काच आरपार जाऊच देत नाही, खिडकीवर कॅमेरा धरला तर बाहेरचं काही दिसत नाही, आपलीच आकृती धूसर दिसते. आणि भिंतीच्या आत तर हा कॅमेरा अजिबात बघत नाही, कुणी तसं सांगितलं तर ते खोटं आहे.

मग आम्ही पाईपभर पाच-पाच फुटांवर टेप लावली. टाकीपासून बाथरूमच्या वळणापर्यंत चाळीस फूट, त्यातलं सुरुवातीचं सहा-सात फूट सोडलं तर वरचा फोम उन्हानं कुजून कधीच उडून गेलेला. पाऊण इंची पाईप चाळीस फूट म्हणजे तिच्या पोटात चार-साडेचार लिटर पाणी, रात्रभर उघड्यावर ते गार होणार आणि सकाळी पहिली बादली म्हणजे तेच पाणी. वरून येणाऱ्या गरम पाण्याचीही वाटेत उष्णता जाणार. आणि दुसरी गोष्ट तर आम्हाला अपेक्षितच नव्हती, बाथरूममध्ये येणारी गार पाण्याची लाईनसुद्धा मिक्सरजवळ, म्हणजे गरम-गार पाणी एकत्र करणाऱ्या नळाजवळ, कोमट दिसत होती. घरातले सगळे हँडशॉवर त्याच्या खटक्यानं बंद करायचे आणि मिक्सर अर्धा उघडा तसाच राहायचा, त्यामुळं गरम आणि गार पाणी आतल्या आत एकमेकांत मिसळत होतं. हे कॅमेऱ्याशिवाय आम्हाला जन्मात कळलं नसतं.

उपाय साधा झाला. भाच्याकडं एसीच्या कॉपर पाईपवर चढवायचा काळा नायट्राईल रबर असतो, आतनं २८ एमएम आणि जाडी १९ एमएमचा त्यानं आणला, चिरून पाईपवर बसवला, जोड चिकटवले आणि वरून पांढरी टेप गुंडाळली, नाहीतर हाही उन्हानं दोन-तीन वर्षांत जाईल. गार लाईनला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारी झडप, टाकला. एक लक्षात ठेवा, सोलरच्या टाकीची हवेची उभी नळी कधीही बंद करायची नाही, आमच्या प्लंबरनं ती बुजवायला काढली होती, मी वेळेत थांबवलं. दुसऱ्या आठवड्यापासून बॅकअपचा गिझर लावायची वेळ आली नाही. पंधरा लिटर पाणी २० डिग्रीवरून ५० ला न्यायला साधारण अर्धं युनिट लागतं, घरात चौघं अंघोळ करणार, हिवाळ्याचे महिने, तुम्हीच हिशोब करा. आणि टाकी तीच आहे.

आता बहिणीचं सांगतो, पत्र लिहायला खरं कारण तेच आहे. आक्काचं घर गावभागात, म्हणजे सांगलीच्या जुन्या, नदीजवळच्या वस्तीत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा तिच्या घरात माळ्याला हात लागेल एवढं पाणी होतं, २०२१ ला परत आलं. तेव्हापासून भिंतीला खालनं खार येतो, पोपडे निघतात. गावभागात हे घरोघर आहे आणि ओल म्हटलं की तिकडच्या माणसाच्या पोटात गोळा येतो. जानेवारीत एक वॉटरप्रूफिंगवाला आला, मोबाईलवर फोटो काढला, मधल्या खोलीच्या भिंतीवर एवढा मोठा निळा डाग. म्हणाला, "आज्जी, भिंत आतनं सडलीय, पूर्ण खोली उघडी करावी लागंल, पंच्याऐंशी हजार." आक्का घाबरून गेली, रात्री मला फोन, म्हणे दादा, एफडी मोडू का.

दुसऱ्या दिवशी गेलो आणि तो फोटो मागून घेतला. फोटोच्या कडेला रंगांची पट्टी असते, तिच्यावर खाली २६.१ आणि वर २७.४ लिहिलेलं होतं. म्हणजे सगळ्यात गरम आणि सगळ्यात गार ह्यात फरक सव्वा डिग्रीचा! हा कॅमेरा समोर जे काही असेल त्यातलं सगळ्यात गार ते निळं आणि सगळ्यात गरम ते पिवळं-पांढरं असं आपोआप वाटून टाकतो, फरक अर्धा डिग्रीचा असला तरी चित्र आग लागल्यासारखंच दिसतं. मी आक्काला विचारलं, फोटो काढताना इथं काय होतं? ती म्हणाली, त्यानं आधी कपाट बाजूला सरकवायला लावलं. झालं. कपाटामागच्या भिंतीला खोलीतली हवा लागलेली नव्हती म्हणून ती तेवढी गार राहिलेली, डागाचा आकारसुद्धा कपाटाएवढाच. कपाट दिवसभर बाजूला ठेवलं, भाच्याकडनं परत फोटो काढला, डाग गायब.

पण ओल नव्हतीच असंही नाही. मोरीच्या बाजूच्या भिंतीवर एक जागा होती ती सकाळी, दुपारी, रात्री कधीही बघितली तरी आजूबाजूपेक्षा तीन-साडेतीन डिग्री गारच. ओल्या भिंतीतनं पाणी वाफ होऊन जात असतं आणि जाताना भिंतीची उष्णता घेऊन जातं, माठासारखं, म्हणून ओली जागा गार दिसते. तिथं ओल मोजायच्या मीटरच्या दोन सुया टोचून बघितल्या, ओल निघाली, फोडलं तर आतल्या नळाचा एल्बो, म्हणजे वळणाचा जोड, पाझरत होता. प्लंबरचं एका दिवसाचं काम. खालचा पुराचा खार अजून आहेच, तो ह्या कॅमेऱ्यानं जाणार नाही.

परदेशात हे कॅमेरे घरातली उष्णता कुठनं बाहेर जाते ते बघायला वापरतात. तिकडं बाहेर शून्याच्या आसपास आणि घरात हीटर लावून वीस डिग्री, त्यामुळं छत, खिडकीची फट, दाराचा उंबरठा जिथनं उष्णता गळते ते लगेच दिसतं. आत-बाहेर निदान दहा डिग्री फरक पाहिजे असं ती मंडळी धरून चालतात. आपल्याकडं सांगलीत जानेवारीच्या दुपारी घरात आणि बाहेर फरक असतो किती? मग नुसत्या भिंतीचा फोटो काढून इन्सुलेशन विकणाऱ्यावर विश्वास कसा ठेवायचा? फरक असेल तिथंच हे यंत्र बोलतं. आपल्याकडं तो फरक गरम पाण्याच्या लाईनवर असतो, फ्रीजच्या दाराच्या रबरात असतो, एसी चालू असलेल्या खोलीच्या दाराखाली असतो, लूज झालेल्या वायरिंगमध्ये असतो. शेजाऱ्यांच्या बोर्डात गिझर चालू करून पंधरा मिनिटांनी बघितलं तर एका एमसीबीचा स्क्रू ७० डिग्रीच्या वर होता, बाकीचे चाळीसच्या आत. लोड चालू नसताना तो दिसलाच नसता. वायरमन बोलावून मेन बंद करून आवळून घेतला, हे काम घरच्या घरी कुणी करू नये.

आणि भिंती-छतात बघितलं तर सगळ्यात जास्त फरक आपल्या स्लॅबला असतो, एप्रिल-मे महिन्यात. तिकडं छतातनं उष्णता वर निघून जाते म्हणून ते रडतात आणि आपल्याकडं ती छतातनं आत येते. एप्रिलमध्ये मी मुद्दाम अर्ध्या गच्चीला चुन्यात फेव्हिकॉल मिसळून दोन हात मारले आणि अर्धी तशीच ठेवली. आठवड्यानं संध्याकाळी सात वाजता आतनं बघितलं तर पांढऱ्या भागाखाली स्लॅबला ३५ आणि उघड्या भागाखाली ३९. आमची ही म्हणाली हे मला कॅमेऱ्याशिवाय पाठीला कळतंय, झोपायची खोली आधी रंगवायची सोडून हॉलवर काय ठेवलंय. उरलेली अर्धी गच्ची दुसऱ्याच दिवशी मारली. स्लॅब तापायला उशीर लागतो आणि निवायलाही, म्हणून ऊन उतरल्यावरही तो खाली उष्णता टाकत राहतो आणि आपण पंखा पाचवर नेतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की हा कॅमेरा विकणाऱ्याच्या हातात आहे तोवर फोटो त्याच्याच सोयीचा निघणार. इंग्लंडात काही ठिकाणी थर्मल कॅमेरा लायब्ररीतनं, गावातल्या संस्थांकडनं पुस्तकासारखा चार दिवस घरी न्यायला मिळतो. आपल्याकडं नगरवाचनालयांना हे अवघड आहे का? डिपॉझिट घ्या, नाव लिहून घ्या. वालचंद कॉलेज इथं विश्रामबागेतच आहे, अशा इंजिनिअरिंग कॉलेजांच्या मुलांनी डिसेंबरात आणि एप्रिलमध्ये आठ-आठ दिवस संध्याकाळी वॉर्डात फिरून घरं बघितली तर मुलांचा प्रोजेक्टही होईल. महापालिकेनं पूर आलेल्या भागापासून, म्हणजे गावभागापासून सुरुवात करावी, तिथं लोक ओलीच्या नावाखाली सगळ्यात जास्त पैसे घालवतायत.

ते होईल तेव्हा होईल. तोवर कुणी फोटो दाखवला तर त्याच्याकडनं फोटो मोबाईलवर मागून घ्या, कडेच्या पट्टीवरचे दोन्ही आकडे बघा, किती वाजता काढला, खोलीतलं तापमान काय होतं, तिथं आधी काय ठेवलेलं होतं ते लिहून घ्या, आणि दुसऱ्या वेळेला परत काढायला लावा. जो परत काढायला तयार नाही त्याला काम देऊ नका.

भाच्याचा कॅमेरा जूनअखेरपर्यंत माझ्याकडं आहे. आमच्या गल्लीतली सात घरं बघून झाली, पुढच्या रविवारी गावभागात आक्काच्या शेजारची चार बघणार आहे. नायट्राईलचे बारा-पंधरा फूट तुकडे उरलेत, तेही घेऊन जातोय.

आपला,
एक निवृत्त साखर कामगार
विश्रामबाग, सांगली