आडनावातले एक चुकलेले अक्षर

महोदय,

मोठ्या मुलीचा दहावीचा निकाल दुपारी एकला लागला आणि तीनच्या आत एका खासगी क्लासचा पहिला फोन आला. ‘अभिनंदन मॅडम, अकरावी सायन्सचं काय ठरवलंय?’ बोलणाऱ्या मुलीने आमचे आडनाव चुकीचे घेतले. शाळेच्या प्रवेश अर्जावर कारकुनाने त्यात एक अक्षर चुकवले होते, नेमके तसेच. शिवाय फोन आला तो माझ्या ऑफिसच्या नंबरवर, आणि तो मी त्या अर्जाखेरीज कुठेही दिलेला नाही. आठवड्याभरात असे २१ फोन आले. सगळे वहीत लिहून ठेवले आहेत. शाळेत विचारले, तर ‘आमच्याकडून काही गेलेलं नाही’ एवढेच उत्तर मिळाले.

म्हणूनच २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याकडे मी आशेने पाहते. १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्याआधी पालकांची संमती, मुलांना हेरून केलेल्या जाहिरातींवर बंदी, नियम मोडल्यास २०० कोटींपर्यंत दंड, हे सारे मनापासून पटते. नोव्हेंबर २०२५ च्या नियमांत मात्र शिक्षणसंस्थांना काही सूट आहे. ती शैक्षणिक कामापुरती आणि मुलांच्या सुरक्षेपुरतीच आहे, हे खरे. पण शिक्षणसंस्थेची व्याख्या इतकी ऐसपैस आहे की खासगी क्लासही तिच्यात शिरू पाहतील. त्यांना स्पष्ट शब्दांत बाहेर ठेवावे.

दंड सरकारी तिजोरीत जाणार, पालकाला भरपाई नाही. उलट तक्रार खोटी किंवा क्षुल्लक ठरली तर तक्रारदारालाच १०,००० रुपयांपर्यंत दंड! माझ्याकडे पुरावा काय, तर एक चुकलेले अक्षर. माहिती कोणाकोणाला दिली हे विचारायचा हक्क कायद्यात आहे, पण गुपचूप दिलेली यादी कोण कबूल करणार? मुलांची यादी कोणी उघडली, कोणी छापून घेतली, याची तारखेसह नोंद ठेवणे शाळांना बंधनकारक हवे.

बहुतेक तरतुदी मे २०२७ मध्ये लागू व्हायच्या आहेत. तोवर शिक्षण विभागाने निदान एक परिपत्रक काढावे: कोणती माहिती कशासाठी घेतो आणि ती कोणाकडे जाते, हे प्रवेश अर्जावरच मराठीत छापावे. धाकट्याचा अर्ज याच आठवड्यात भरायचा आहे. त्यात आईच्या ऑफिसच्या नंबरचा रकाना आहे. तो मी अजून कोराच ठेवला आहे.

– एक पालक