फुकटच्या कामाला माणसं का टिकतात?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठी विकिपीडियावर लिहिते म्हटलं की शेजारणींपासून जुन्या सहकाऱ्यांपर्यंत सगळे विचारतात, "त्यात तुम्हाला मिळतं काय?" मानधन नाही, लेखाखाली नाव नाही. तरी १ मे २००३ रोजी सुरू झालेलं हे काम माणसं चालवत आली आहेत. मी सोलापूरच्या पूर्व भागातली, घरी तेलुगू बोलणारी, इतिहासाची निवृत्त शिक्षिका. माझ्यापुरतं कारण सरळ आहे : तिथे आपलं लिहिलेलं कुणीतरी लक्ष देऊन वाचतं.

आपल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांविषयी मी काही मजकूर घातला होता. मे १९३० मधला मार्शल लॉ, आणि मल्लप्पा धनशेट्टी, किसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात झालेली फाशी. दुसऱ्याच दिवशी चर्चापानावर, म्हणजे लेखाबद्दल बोलायच्या जोडपानावर, प्रश्न आला, "ताई, मार्शल लॉच्या परिच्छेदाला संदर्भ देता येईल का?" विचारणारा कोण, कुठला, अजून ठाऊक नाही. मी हिराचंद नेमचंद वाचनालयात बसले, पुस्तक मिळवलं, पान क्रमांकासकट संदर्भ जोडला. संध्याकाळी त्याचा 'धन्यवाद' आला. इतक्या बारकाईने माझी टिपणं नोकरीत क्वचितच कुणी वाचली. त्यानंतर चीनमध्ये रुग्णसेवा केलेल्या डॉ. कोटणीसांचं पान आलं, नान्नजच्या माळढोक अभयारण्याचं आलं. आता त्या पानांत कुणी काही बदललं की आधी ते पाहते, मग चहा ठेवते.

याची दुसरी बाजूही आहे. इंग्रजी विकिपीडियावर २००७ नंतर सक्रिय संपादक घटत गेले. चांगल्या हेतूने लिहिणाऱ्या नवख्यांचा मजकूर झटपट उडवला जातो आणि ते परत फिरकत नाहीत, हे त्यामागचं एक मोठं कारण अभ्यासकांना आढळलं. मराठीत लिहिणारे मुळातच मोजके. आपल्याला हे परवडायचं नाही.

म्हणून महाविद्यालयांना विनंती, कार्यशाळा घेऊन मुलांची खाती उघडून दिली की काम झालं असं समजू नका. त्यांचं लिखाण पुढे महिनाभर तरी जाणत्या माणसाने वाचावं. काही काढावं लागलं तर संपादन सारांशात, म्हणजे बदल जतन करतानाच्या टिपेच्या चौकटीत, कारण लिहावं, निदान एक ओळ. सोलापुरातल्या मुलांसाठी हे वाचनाचं काम करायला मी तयार आहे. इच्छुक शिक्षकांनी आपल्या वृत्तपत्राच्या कार्यालयामार्फत कळवावं.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर