इन्कॉग्निटोचा भाबडा भरवसा

मा. संपादक,

आपल्याकडे अजून कित्येकांना वाटतं की ब्राउझरमधलं इन्कॉग्निटो (हिस्टरी न ठेवणारी खासगी खिडकी) उघडलं की आपण काय बघतो ते कुणाला कळत नाही. असं काही नसतं हो. फोनवर हिस्टरी राहत नाही एवढंच, म्हणजे घरच्यांपासून लपतं, पण ज्या वेबसाइटवर जाता तिला आणि तिच्या पानात बसवलेल्या जाहिरातवाल्यांच्या कोडला तुमचा आयपी ॲड्रेस (इंटरनेटवरचा तुमच्या जोडणीचा पत्ता), ब्राउझर, स्क्रीनचा साइझ सगळं दिसतच असतं. यावरूनच अमेरिकेत २०२० मध्ये गुगलवर केस झाली, २०२४ मध्ये तडजोड होऊन ब्राउझिंगच्या अब्जावधी नोंदी नष्ट करायचं गुगलने कबूल केलं. युजरच्या हातात त्या तडजोडीत छदामही पडला नाही.

क्रोम या आपल्या ब्राउझरमधून थर्ड पार्टी कुकीज (वेगवेगळ्या साइटवर तुमचा माग काढायला जाहिरातवाले ब्राउझरमध्ये ठेवतात त्या छोट्या फायली) दोन वर्षांत काढू असंही गुगलने २०२० मध्येच सांगितलेलं, मग तारीख पे तारीख आणि २०२४ मध्ये बेतच बारगळला. जाहिरातीवर पोट असलेली कंपनी दुसरं काय करणार!

आपला डेटा प्रोटेक्शन कायदा ऑगस्ट २०२३ चा, नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला, वर मुख्य अटींना आणखी १८ महिने. त्यात एक गोष्ट चांगली आहे, आपली माहिती वापरायच्या संमतीची नोटीस मराठीतही मिळायला हवी. सध्या वेबसाइटवर कुकीजची परवानगी मागताना ‘ॲक्सेप्ट ऑल’ ठळक निळ्या बटणात आणि नकार कुठेतरी सेटिंगच्या पोटात बारीक राखाडी अक्षरात. तुमच्या पेपरच्या वेबसाइटवरही तेच आहे, तेवढं आधी बदला.

– एक वाचक, सांगली