राजगडाच्या प्रतिकृतीसाठी कापायची हत्यारं हवी आहेत

सस्नेह नमस्कार.

या दिवाळीत आपल्या वाचनालयाच्या अंगणात मातीच्या किल्ल्याशेजारी पुठ्ठ्याचा राजगड उभा करायचा आहे. सातवी ते दहावीची चौदा मुलं तो १:५००० प्रमाणात करणार आहेत. नकाशात दर २० मीटर उंचीला एक समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेषा) असते. आपल्या प्रतिकृतीत ही उंची ४ मिलिमीटर होते, म्हणजे २ मिलिमीटरच्या माउंटबोर्डाचे (फोटोफ्रेमसाठी वापरतात त्या जाड पुठ्ठ्याचे) दोन थर. प्रत्येक थर रेषेच्या वळणावळणानं कापून एकावर एक चिकटवायचा. संजीवनी माचीची दुहेरी चिलखती तटबंदी तर हात आणि हत्यार दोन्हींची परीक्षा बघणार.

तसं हत्यार आमच्याकडे नाही. गेल्या वर्षी घरोघरचे जुने कटर गोळा करून काम भागवलं. १८ मिलिमीटरचं रुंद पातं वळणावर फिरत नाही. ते बोथट झालं की मुलं जोर लावतात आणि पातं सटकतं. एका मुलाच्या अंगठ्याला तीन टाके पडले. चूक आम्हा मोठ्यांची होती. म्हणून यंदा योग्य हत्यारं हातात आल्याशिवाय कापायला सुरुवात करणार नाही.

सर्वांत आधी हवीत ती स्काल्पेलची, म्हणजे शस्त्रक्रियेच्या सुरीची, ३ नंबरची हँडल, चौदा, आणि त्यावर बसणारी ११ नंबरची टोकदार ब्लेड. सर्जिकल सामानाच्या दुकानात शंभराचा बॉक्स मिळतो. दोन बॉक्स पुरतील. माउंटबोर्ड ब्लेडची धार फार लवकर खातो, म्हणून आकडा मोठा वाटेल. डॉक्टर मंडळींना खास विनंती: निर्जंतुकीकरणाची मुदत उलटलेली, पण पाकीट न फोडलेली ब्लेड आम्हाला चालतील. वापरलेलं एकही ब्लेड कृपया देऊ नका.

सरळ कापांसाठी ९ मिलिमीटरचे कटर आणि स्टीलच्या पट्ट्या लागतील. प्लॅस्टिकची पट्टी नको, ब्लेड तिचीच कड तासतं आणि बोटावर येतं. दोन मुलांत एक अशा ए-३ आकाराच्या सात कटिंग मॅट हव्यात. ज्यांना यातलं काहीच जमणार नाही, त्यांनी झाकणाचा रिकामा पत्र्याचा डबा आणून द्या. झाकणाला फट पाडून त्यात तुटकी ब्लेड टाकता येतात, म्हणजे ती कचरा उचलणाऱ्यांच्या हाताला लागत नाहीत.

फोटोफ्रेमचं काम करणारे कारागीर आणि आर्किटेक्चरचे विद्यार्थी यांनी रविवारी सकाळचे दोन तास दिले तर फार मोलाचं होईल. एका दमात न कापता हलक्या हातानं चार-पाच वेळा ब्लेड फिरवायचं, हे सांगून कळत नाही. शेजारी बसून दाखवावं लागतं.

वस्तू किंवा रोख मदत कोजागरीपर्यंत संध्याकाळी ५ ते ८ या वेळेत वाचनालयात आणून द्यावी. रोख रकमेची पावती मिळेल. ब्लेड मुलांच्या हाती देऊ नयेत, ग्रंथपालांकडेच द्यावीत.

आपले,
बालविभाग, कार्यकारी मंडळ