तलावाचा थोडा काठ मातीचाच ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोलापुरात तलावाच्या सुशोभीकरणाची चर्चा निघाली की पदपथ, कारंजी, दिवे आणि काठाला उभी सिमेंटची भिंत, एवढंच डोळ्यांपुढे येतं. शाळेत जीवशास्त्र शिकवलेली बाई म्हणून मला त्या भिंतीची फार काळजी वाटते.

बेडकाचं पिल्लू पाण्यात कल्ल्यांनी श्वास घेतं. पाय फुटतात, शेपूट आटते, फुप्फुसं तयार होतात. मग त्याला जमिनीवर यावंच लागतं. समोर उभी गुळगुळीत भिंत असेल, तर नुकतंच पाय फुटलेलं ते इवलंसं पिल्लू चढणार कसं? १९८७ साली बेडकांच्या पायांची निर्यात बंद करून देशाने त्यांना वाचवलं. कारण बेडूक घटले की शेतात किडे माजतात. आपल्या कोरडवाहू भागात तर हे विसरून चालणारच नाही.

उथळ काठावरची चतुष्पर्णी ही पाणवनस्पती पाहण्यासारखी असते. पाणी असेल तेव्हा तिची चार दलांची पानं तरंगतात, पाणी ओसरलं की तीच वनस्पती चिखलात ताठ पानं उभी करते. तिची बीजाणूफळं, म्हणजे ज्यांतून नवी रोपं येतात ते कठीण कवचाचे दाणे, कोरड्या मातीत वर्षानुवर्षं टिकतात. लव्हाळा, पाणकणीसही तिथलेच.

कंबर तलाव असो वा हिप्परगा, जिथे काम होईल तिथे एका बाजूचा उताराचा, मातीचा काठ तसाच सोडावा. पावसाळ्याचे पहिले दोन-तीन महिने, बेडकांची पिल्लं वाढून बाहेर येईपर्यंत, तिथे जेसीबी नेऊ नये.

एक निवृत्त शिक्षिका,
विजापूर रस्ता, सोलापूर