सांभाळ केंद्राच्या नव्या जागेसाठी कळकळीचे आवाहन

सप्रेम नमस्कार,

वृद्ध आणि दिव्यांगांसाठीचे आपले दिवसाचे सांभाळ केंद्र ज्या इमारतीत आहे ती पुनर्विकासाला जात आहे. दसऱ्याच्या आत खोली रिकामी करायची आहे. लालबाग-परळमध्ये परवडणारी जागा मिळणे किती कठीण, हे आपणांस सांगायला नको. नशिबाने मागच्याच गल्लीत तळमजल्याचा गाळा मिळतो आहे आणि मालक दसऱ्यापर्यंत थांबायला तयार आहेत. त्यापुढे नाही.

बारा वर्षांपूर्वी गावकरी मंडळाने आपली खोली आपल्याला दिवसा वापरायला दिली. रात्रपाळी करून आलेली पोरे सकाळी नऊला वळकट्या गुंडाळून बाहेर पडायची, पण आपल्या म्हाताऱ्यांना कधी दारात ताटकळावे लागले नाही. खानावळवाल्या काकूंनी धंदा बंद केला तेव्हा पितळी पातेली केंद्रात आणून ठेवली; मऊ भात आजही त्यातच शिजतो. चौथ्या माळ्यावरच्या दादांनी फंडाच्या पैशातून पहिली व्हीलचेअर घेतली आणि ‘नाव छापलेत तर परत नेईन’ अशी तंबी दिली, म्हणून इथेही छापत नाही. गेल्या वर्षी एका आजींना मुख्यमंत्री वयोश्री योजनेचे ३,००० रुपये मिळाले. त्यांनी स्वतःसाठी गुडघ्याचा पट्टा आणि काठी घेतली, आणि येताना केंद्रासाठीही एक काठी आणली. भजनी मंडळाचे तर किती उपकार! एक गुरुवार चुकला नाही.

आपले केंद्र वृद्धाश्रम नाही. संध्याकाळी सहाला प्रत्येक जण आपापल्या घरी जातो. गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागावर, आयुष्य घालवलेले एक काका रोज दुपारी ‘भोंगा झाला काय?’ म्हणत उठतात. १९८२ च्या संपात त्यांची गिरणी बंद झाली ती झालीच. आता मुलाचे नाव आठवत नाही. मावशी त्यांच्या हातात सुताची दोन टोके देतात. बोटे थरथरत असतात, पण विणकराची गाठ एका दमात बसते, आणि काका पुन्हा शांत बसतात. एवढ्यावर त्यांच्या सुनेची नोकरी टिकून आहे.

आणि आपल्या ताई. जन्मापासून मेंदूचा पक्षाघात. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात मोफत शिक्षणाचा हक्क १८ वर्षांपर्यंत. त्या आज चौतीस वर्षांच्या आहेत, आई अडुसष्टची. शाळा सुटल्यावर त्यांनी दिवसभर जायचे कुठे?

मन मोकळे करतो, राग नसावा. मागच्या वर्षी आम्ही घरोघर पत्रके वाटली, अकरा पावत्या फाटल्या. याच गल्ल्यांत उत्सवाची पावतीपुस्तके दोन दिवसांत संपतात, त्याचा आम्हालाही अभिमान आहे. पण ज्यांनी हे उत्सव उभे केले तेच आज या खोलीत बसलेले आहेत, हे बघून वाईट वाटते.

खर्च असा: गाळ्याची अनामत ३ लाख. दारात दीड फुटाची चढण आहे. व्हीलचेअरसाठी १ फुटाला १२ फूट उतार लागतो, म्हणजे अठरा फुटांचा रॅम्प, तो आतल्या चौकातून वळवावा लागेल. तो, शौचालयातले आधाराचे दांडे, कमोड आणि न घसरणारी फरशी मिळून १ लाख ४० हजार. जमा १ लाख ९५ हजार. कमी पडतात २ लाख ४५ हजार. धनादेश केंद्र चालवणाऱ्या आपल्या मंडळाच्या नावे काढावा; रोख दिल्यास २,००० रुपयांवरच्या रकमेला आयकरात सवलत मिळत नाही. पॅन क्रमांक द्यावा. पावती संध्याकाळी ७ ते ९ कार्यालयात, रविवारी सकाळीही. पैसे जमत नसतील त्यांनी सामान हलवायला दसऱ्याच्या आदल्या रविवारी यावे, जुन्या इमारतीचा जिना अरुंद आहे, आठ-दहा माणसे लागतील. मोठ्यांचे डायपर चालतील, जुने कपडे कृपया आणू नयेत, ठेवायला जागा नाही.

आपला नम्र,
कार्यवाह